तीन म्हणायच्या आधी

पपा,

परवाच्या रविवारी हंगामाचा सण झाला. लिलाव मीच पुकारला, आणि असा पुकारला की अजून घशातून धड आवाज निघत नाही. एरवी मी तुमच्याशी मनातल्या मनात बोलत असते. कणीक मळताना, स्कूटीवर, शाळेत पोरांना गणितं घालून दिल्यावर. त्याला कागद लागत नाही. पण आज जे सांगायचं आहे ते ऐटीत सांगायचं आहे, आणि घसा बसलेल्या बाईला ऐट करायची तर लिहिण्यावाचून दुसरा मार्ग नाही. म्हणून गच्चीवर उन्हात खुर्ची टाकून बसले आहे. पायाशी ती झोपली आहे आणि घोरते आहे. ती म्हणजे कोण, ते सांगते. तुमची-तिची भेट नाही. तुम्ही गेलात तेव्हा तिच्या पणजीचाही जन्म झाला नसेल.

तुमचा लिलाव मला अजून दिसतो. आपली माणसं नगरकडून ग्वालियरला आली, शेती तिकडेच राहिली, पण हंगामाचा सण काही त्यांनी सोडला नाही. उपासना संपली की चर्चच्या अंगणात टेबल मांडलं जातं आणि मंडळीने देवाला वाहिलेलं सगळं त्यावर येतं. कुणाच्या दारचे पेरू, कुणाच्या परसातला भोपळा, मुळे, लोणच्याची बरणी, टेबलाखाली पाय बांधलेली कोंबडी. एक काका दर वर्षी दाल बाज़ारातून तुरीच्या डाळीचं पोतं विकत आणून आपलं प्रथमफळ म्हणून ठेवायचे, आणि तुम्ही पुकारताना दर वर्षी विचारायचात की यंदा दुकानात पाऊस बरा झाला का. लोक हसायचे आणि हसता हसता बोली चढवायचे. घेणारा पैसे चर्चच्या पेटीत टाकायचा आणि वर म्हणायचा, परत लावा. की तोच भोपळा पुन्हा टेबलावर. पुकारणाऱ्याने स्वतः बोली लावायची नाही, हा तुमचा नियम होता. आणि दुसरा नियम तुम्हीच काढलेला: ज्याला कोणीच बोली लावत नाही, ते पुकारणाऱ्याच्या घरी जातं.

त्या दुसऱ्या नियमापायी आईचं स्वयंपाकघर सणानंतर आठवडाभर किडक्या फुलकोबीने आणि कच्च्या टणक पपयांनी भरलेलं असायचं. ती चुलीपुढे बसून किडी वेचते आहे आणि म्हणते आहे, चांगलं काही आपल्या वाट्याला कधी येतच नाही का हो? तुम्ही सदरा खुंटीला लावता लावता म्हणता, चांगल्याला गिऱ्हाईक असतं. मग एका वर्षी ते करडू आलं. मागचा एक पाय लुळा. मी तिसरी-चौथीत असेन. तुम्ही एक म्हणालात, दोन म्हणालात, चष्म्यावरून सगळ्या अंगणाकडे पाहिलंत, थांबलात. लोक आपापल्या चपलांकडे बघत होते. तीन म्हणून तुम्ही ते उचललंत, पिशवीत घालून सायकलच्या हँडलला अडकवलंत आणि थाटीपुरच्या क्वार्टरवर घेऊन आलात. आईने दारातच कपाळाला हात लावला. लुळ्या बकरीचं करायचं काय, असं तिने विचारलं, तेव्हा तुम्ही जे बोललात ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"आपल्याला तरी कोणी बोली लावली होती? त्याने लावली म्हणून आपण आहोत. आणि तीन म्हटल्यावर माल परत करत नाहीत."

माझं सगळं धर्मज्ञान तिथून सुरू होतं, पपा. संडे स्कूलमध्ये मी वचनं पाठ केली आणि बक्षिसं घेतली, पण तारण म्हणजे काय हे मला त्या लुळ्या करडाच्या पिशवीवरून कळलं.

पुढे ते एकदा आजारी पडलं, तेव्हा मी रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी उभी राहून म्हणाले होते की माझ्या बकरीसाठी मंडळीने प्रार्थना करावी. मागच्या बाकांवरून हसू आलं. तुम्ही उठलात. मला वाटलं तुम्ही प्रार्थना करणार. तुम्ही जवळ येऊन हळूच विचारलंत, सकाळी तिच्यापुढे पाणी ठेवलंस? मी ठेवलं नव्हतं, नवा फ्रॉक घालायच्या गडबडीत होते. भर उपासनेतून तुम्ही मला घरी पाठवलंत. प्रभूला हाक मारायला हरकत नाही, पण बादली आपण उचलायची, असं म्हणालात. रस्ताभर मी रडत गेले. बकरी बादलीभर पाणी प्यायली आणि संध्याकाळी उभी राहिली.

आता या पायाशी घोरणाऱ्या बाईंची गोष्ट. तुमच्यानंतर लिलाव काही वर्षं सेक्रेटरीसाहेबांनी पुकारला. तुमच्या वेळी ते हिशेब लिहायचे, आठवतात ना, पुढे झाले सेक्रेटरी. त्यांच्या आवाजात भोपळासुद्धा शोकसभेतला वाटायचा. एका सणाला त्यांना खोकल्याने धरलं, मी उठले, तुमच्यासारखी टेबलावर थाप मारली, आणि तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं ते आलंच. माझ्या पुकारण्याच्या सुरुवातीच्याच एखाद्या वर्षी पेरूंच्या टोपलीत पेरूंबरोबर एक कुत्र्याचं पिल्लू निघालं. बदली होऊन जाणाऱ्या एका कुटुंबाने ठेवलेलं. साधी देशी कुत्री, पिवळट, एक कान फाटलेला. सेक्रेटरीसाहेब ताडकन उभे राहिले. कुत्र्याची किंमत देवाच्या घरात आणू नये असं नियमशास्त्रात स्पष्ट लिहिलं आहे, म्हणाले. आणि खरंच लिहिलं आहे, मी घरी येऊन पाहिलं. पण त्या क्षणी मी तुमची मुलगी होते. मी पुकारलं. एक. दोन. कोणाचा हात वर नाही. तीन. मग मी साहेबांना म्हणाले, किंमत लागलीच नाही, तर देवाच्या घरात आली कुठून? आणि टोपली उचलून घरी आले.

आज ती म्हातारी आहे. तोंड पांढरं झालंय, डोळ्यांत निळसर झाक आहे, जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून माझ्याकडे असं बघते की जिना मीच बांधलाय. यंदा पाऊस संपता संपता तिने खाणं सोडलं. पाणी मात्र घटाघट प्यायची. मग जिथे बसेल तिथे पूसारखा डाग दिसायला लागला. मी तिला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर आपल्या लश्कर भागातलीच मराठी मुलगी आहे, माझ्या शाळेतून निघालेली. तिने तपासलं, सोनोग्राफी केली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की गर्भाशयात पू झाला आहे.

"मॅम, मी फोर्स नाही करणार," ती म्हणाली. "ऑपरेशन करून काढावं लागेल, आणि या उमरमध्ये भूल झेपेल की नाही, सांगता नाही येत. नाही केलं तर ती जाणारच, और तकलीफ में जाएगी. इंजेक्शन देऊन झोपवायचं म्हणाल तर ते पण काही गलत नाही. तुम्ही सोचून सांगा. पण जल्दी."

सोचायला घरी आले, तर सोचून देणारे आधीच हजर. शेजारच्या काकू, त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेतून इथे आलेले, मनाने लोणी. त्या म्हणाल्या, ताई, कशाला तिचे हाल करता, सुकूनने जाऊ द्या ना तिला, माझं बोलणं वाईट नका मानू. मी नाही मानलं. सेक्रेटरीसाहेब भेटायला आले आणि म्हणाले, कुत्रीवर एवढा खर्च करण्यापेक्षा तेवढ्यात एखाद्या गरिबाचं भलं झालं असतं. हे वाक्य शुभवर्तमानात महागड्या अत्तरावरून प्रभूला दगा देणारा शिष्य बोलला होता, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, पपा. पण ते आपले पाहुणे होते आणि चहा पीत होते. मी त्यांना बिस्किट दिलं. आपले पाळकसाहेब तरुण आहेत, चांगले आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, प्रार्थना करा, ज्या निर्णयात शांती मिळेल तो प्रभूचा. मी गुडघे टेकले. शांती मला दोन्हींत मिळेना. शांतीवर निर्णय सोडला असता तर मी अजून गुडघ्यांवरच असते.

आणि तुम्हीसुद्धा मला दोन्ही बाजूंनी दिसत होतात, हीच तर अडचण होती. तीन म्हटल्यावर माल परत करत नाहीत म्हणणारे तुम्ही, आणि बकरीच्या शेवटच्या दिवसाचेही तुम्हीच. ती म्हातारी झाली होती, पडून मांडीचं हाड मोडलं होतं. आई म्हणाली खाटकाला सांगू. तुम्ही सरकारी डॉक्टरांना बोलावून आणलंत. स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर तुम्ही बसला आहात, ऑफिसच्या कपड्यांत, तिचं डोकं मांडीवर, आणि डॉक्टर सुई भरताहेत. मी विचारलं, बरी कर म्हणून का नाही मागितलं? तुम्ही म्हणालात, मागितलं होतं, तो नाही म्हणाला, आता फक्त हात काढून घ्यायचा नाही. ती गेली तरी तुमचा हात कितीतरी वेळ तिच्या कपाळावरच होता. ऑफिसला त्या दिवशी तुम्हाला उशीर झाला.

तर यातलं कुठलं माझ्या कुत्रीला लागू होतं? मला कळत नव्हतं, आणि दिवस हातातून चालले होते.

त्या रविवारी मी उपासनेला गेले ती अर्ध्या मनाने. येताना सवयीने किला गेटवरून डाळ भरलेली गरम बेडई पुरी घेतली, कारण दर रविवारी बेडईचा एक कोपरा तिचा असतो. घरी आले. ती ओट्याखाली पडलेली, श्वास तेवढा चालू. मी काकूंशी बोलत होते, काकू म्हणत होत्या की आता हिचं काही राहिलं नाही. आणि मी कागदाची पुडी सोडली. कागद वाजला. तिने मान नाही उचलली, शेपूट नाही हलवलं. पण डोळे वर आले. पुडीकडे, मग माझ्याकडे.

आणि मला तुमचं टेबल आठवलं. मी कॉलेजात असताना तुम्ही मला लिलाव शिकवलात तो असा: हाताकडे बघू नकोस, नजरेकडे बघ. ज्याची बोली संपली तो नजर खाली करतो. एक जरी नजर वर असली, तरी तीन म्हणायचं नाही. मग मला बकरीही नीट आठवली. पायरीवर तुम्ही तिच्यापुढे हिरवा चारा धरला होता, तिला आवडायचा तो, आणि तिने डोळे उघडले नव्हते. तुम्ही वाट पाहिलीत, पुन्हा धरलात. मगच डॉक्टरांकडे बघून मान हलवलीत. तुम्ही दोन वेगळे पपा नव्हतातच. तुम्ही दोन्ही वेळेला फक्त नजरेकडे बघितलं होतं.

मी काकूंना म्हणाले, हिची बोली अजून संपलेली नाही. काकूंना काही समजलं नाही, पण त्या चपला घालून माझ्याबरोबर निघाल्या.

दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही बसलो होतो. आत डॉक्टर मुलीने ऑपरेशनसाठी दार लावून घेतलं होतं. काकू पदराखाली माळ ओढत होत्या, त्यांच्या देवाला माझ्या कुत्रीसाठी साकडं घालत होत्या. मीही प्रार्थना करत होते. काय केली ते आत्ता सांगत नाही. मला एवढंच ठाऊक होतं की बादली मी उचलली आहे, आणि आता पुढचं माझ्या हातात नाही. समोर एक शेळी बांधली होती आणि ती माझ्या पर्सचा पट्टा चावत होती. मी चावू दिला.

दार उघडलं तेव्हा मुलीचे हात कोपरापर्यंत भरलेले होते आणि ती हसत होती. "मॅम, म्हातारी बडी जिद्दी आहे," ती म्हणाली. बास. मी त्या बाकावर बसून मोठ्याने रडले. काकूही रडल्या. शेळीने पट्टा तोडला.

त्यानंतर किती दिवस मी तिला चमच्याने वरणाचं पाणी पाजलं, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर बांधली आणि ती दारांवर आपटत फिरली, ते सगळं सांगत नाही. एवढं सांगते की सेक्रेटरीसाहेब पुन्हा चौकशीला आले तेव्हा ती फाटकापर्यंत धावत गेली आणि त्यांच्यावर भुंकली. आजारपणाआधीही असं खणखणीत भुंकली नव्हती. त्या भुंकण्याला मी आतून आमेन म्हणाले.

आणि मग परवाचा रविवार. मी तिला घेऊनच गेले. अंगणात जांभळीखाली बांधली. उपासनेत साक्षीची वेळ आली तेव्हा उभी राहिले. साक्ष थोडक्यात द्यावी, देवाला सगळं आधीच माहीत असतं, असं तुम्ही म्हणायचात, म्हणून थोडक्यात दिली. माझ्या घरातली म्हातारी कुत्री मरणाच्या दारातून परत आली, प्रभूचे उपकार, आणि डॉक्टरीणबाईंचेही. मागच्या बाकांवरून हसू आलं, अगदी तसंच, त्या वर्षीसारखं. पण या वेळी मी पाणी ठेवून आले होते, पपा. मी बसले नाही. उभीच राहिले. आणि मग त्या हसण्यातूनच कोणीतरी हालेलूया म्हटलं, मग पुढच्या बाकाने, मग सगळ्यांनी. जांभळीखालून तिनेही एकदा भुंकून घेतलं.

उपकारस्तुतीचं दान म्हणून मी तीच टोपली आणली होती, जिच्यातून ती आली. आपल्या दारचे पेरू भरून. मी टेबलावर थाप मारली आणि पुकारायला लागले. पहिली बोली कोणाची असावी? सेक्रेटरीसाहेबांची. तोंड तसंच, काढा प्यायल्यासारखं, पण हात वर. टोपली त्यांना गेली. त्यांनी पैसे पेटीत टाकले, टोपलीकडे बघितलं आणि म्हणाले, परत लावा. मग काय विचारता. दालवाल्या काकांच्या मुलाने घेतली, परत लावा. पाळकसाहेबांनी घेतली, परत लावा. हिंदी बोलणारी मंडळी, मराठी बोलणारी मंडळी, सगळे एकमेकांशी चढाओढ करताहेत. मी ओरडते आहे, एक, दोन, आणि दर वेळी कोपऱ्यातून एक नजर वर येते आहे. तुम्ही असायला हवे होतात. तुम्ही टेबल मोडलं असतंत.

शेवटी हात वर केला तो त्या डॉक्टर मुलीने. मी तिला बोलावलं होतं, ती मागे उभी होती. तिला बिचारीला आपली रीत काय ठाऊक. मी तीन म्हणाले, तिने पैसे भरले, टोपली उचलली, स्कूटीच्या पुढे ठेवली आणि सगळ्यांना हात हलवून निघून गेली. अंगण बघतच राहिलं. मग असं हसलं की माझा राहिलेला आवाजही त्यात गेला.

ही म्हातारी आज आहे, उद्याचं मी मागत नाही. पुढे कधीतरी बेडईचा कागद वाजेल आणि डोळे वर येणार नाहीत. त्या दिवशी मी तिचं डोकं मांडीवर घेईन आणि तीन म्हणेन, आणि हात काढणार नाही. ते मला जमेल. पण तो दिवस आजचा नाही. आज ऊन छान आहे आणि ती झोपेत पाय हलवते आहे, बहुतेक सेक्रेटरीसाहेबांच्या मागे लागली आहे.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. तुम्ही जिथे आहात तिथे पोस्टमन जात नाही, आणि जे यात आहे ते बहुतेक तुम्हाला कळलेलंच असेल. एक सोडून. व्हरांड्यात बसून मी काय प्रार्थना केली, ते. प्रत्येक मागण्याच्या शेवटी तुझ्या इच्छेप्रमाणे होवो म्हणायचं, असं तुम्ही मला बोलायला लागल्यापासून शिकवलंत. तुम्ही बकरीच्या वेळी म्हणालात. आईच्या वेळी म्हणालात. तुमच्या वेळी मी म्हणाले. त्या दिवशी बाकावर मी ते म्हटलं नाही. ओठांवर आलं होतं, मी गिळलं. मी म्हणाले, ही मला पाहिजे. एवढंच, पुन्हा पुन्हा. पुकारणाऱ्याने बोली लावायची नाही, मला ठाऊक आहे. मी लावली. मी त्याच्या विरुद्ध बोली लावली, पपा, आणि त्याने वर चढवली नाही.